जोर लावावा लागला की थांबा

बँडसॉ, म्हणजे पट्टीच्या ब्लेडची यांत्रिक करवत, शिकायला लागलो तेव्हा वाटलं होतं, पहिल्याच दिवशी लाकूड कापायला मिळेल. मिस्त्रींनी पहिले दोन दिवस मला नुसतं ब्लेड उतरवायला आणि चढवायला लावलं. प्लग काढ, ताण सैल कर, ब्लेड उतरव, पूस, पुन्हा चढव, वरचं चाक हाताने फिरव, ब्लेड कुठे धावतंय ते बघ. मला राग आला होता. आता माझ्याकडे कुणी शिकायला आलं की मीही त्याची सुरुवात तिथूनच करतो.

यंत्राची रचना सोपी आहे. एकाखाली एक दोन चाकं, त्यांच्यावरून फिरणारं अखंड पट्टीचं ब्लेड. खालचं चाक मोटर फिरवते. वरचं चाक ब्लेडला ताण देतं, आणि ते किंचित कलवून ब्लेड चाकाच्या मधोमध आणता येतं. टेबलाजवळ ब्लेड वरून खाली धावतं, त्यामुळे कापताना लाकूड टेबलावर दाबलं जातं. गोल करवत लाकूड उलट अंगावर फेकू शकते, तसं इथे सहसा होत नाही. आवाजही त्या मानाने कमी. म्हणून नवख्या माणसाला हे यंत्र गरीब वाटतं. मलाही वाटलं होतं.

तिसऱ्या महिन्यात एका टणक लाकडाची फळी उभी चिरत होतो. कट पुढे सरकेना, म्हणून दोन्ही अंगठ्यांनी मागून रेटू लागलो. शेवटचे दीड-दोन सेंटिमीटर उरले असताना लाकूड एकदम सुटलं, हात पुढे गेले आणि अंगठ्याचं नख दातांना घासलं. नख गेलं, अंगठा वाचला. मिस्त्रींनी यंत्र बंद केलं आणि ब्लेड पूर्ण थांबेपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग विचारलं, "कधीपासून रेटतोयस?"

"अर्धा तास झाला असेल."

"मग ब्लेड अर्ध्या तासापूर्वीच बदलायचं होतं."

बँडसॉबद्दल मला जे काही सांगायचं आहे ते या दोन वाक्यांत आलं. चांगलं ब्लेड नीट लावलेलं असेल तर लाकूड हाताच्या हलक्या दाबाने पुढे जातं. रेटावं लागत असेल तर कुठेतरी काहीतरी बिघडलेलं आहे, आणि ते शोधायचं सोडून आपण अंगाचा भार दातांच्या दिशेने टाकत असतो.

सगळ्यात आधी धार बघा. बोथट ब्लेड पिठासारखा बारीक भुसा पाडतं, धारदार ब्लेडचा भुसा जरा जाडसर, हाताला कणीदार लागतो. ब्लेड बोथट असलं की कापलेली बाजू काळवंडते, करपल्याचा वास येतो, कट रेघ सोडून भटकतो. एखाद्या बाजूचेच दात खिळ्याला लागून बोथट झाले असतील तर ब्लेड सतत दुसऱ्या बाजूला ओढतं. जुनं लाकूड असेल तर खिळे आणि वाळू आधी शोधून काढा. एका खिळ्याने नवं ब्लेड क्षणात संपतं.

धार ठीक असूनही रेटावं लागत असेल, तर दातांची संख्या चुकलेली असण्याची शक्यता मोठी. कापताना लाकडाच्या जाडीत निदान तीन दात तरी असायला हवेत, नाहीतर दात लाकडाला ठोकरा मारतात आणि कडा फाटतात. १२ मिलिमीटरच्या, म्हणजे साधारण अर्ध्या इंचाच्या फळीला इंचाला ६ दातांचं ब्लेड लावलं की हे तीन दात मिळतात. नवशिक्याची चूक मात्र बहुतेक वेळा उलट्या बाजूची असते. बारीक दात म्हणजे सफाईदार कट, असं समजून तो १५० मिलिमीटर उंचीचा ठोकळा इंचाला १० दातांच्या ब्लेडने चिरायला घेतो. एका वेळी साठ दात लाकडात. दोन दातांमधल्या खाचा भुशाने भरतात, भुशाला बाहेर पडायला जागा नाही, ब्लेड तापतं, आणि कट मध्येच पोट काढतो: वर-खाली रेघेवर, मध्ये बाहेर फुगलेला. अशा उंच चिरकामाला इंचाला ३ दातांचं, आकड्यासारखे पुढे झुकलेले दात असलेलं रुंद ब्लेडच हवं. पृष्ठभाग खरखरीत येईल, तो नंतर रंधा काढेल.

वळणाचं काम असेल तर रुंदी बघा. ६ मिलिमीटर रुंद ब्लेड साधारण १६ मिलिमीटर त्रिज्येपर्यंत वळतं, १२ मिलिमीटरचं ब्लेड ६५ मिलिमीटरच्या आसपास थांबतं. त्याहून आवळ वळण घेतलंत तर ब्लेड पिळतं, गाइडमधून (टेबलाच्या वर आणि खाली ब्लेडला बाजूंनी आधार देणाऱ्या ठोकळ्यांमधून) मागे ढकललं जातं आणि पाठीला भेगा पडायला लागतात. वळण घट्टच असेल तर टाकाऊ भागात बाहेरून रेघेपर्यंत आडवे कट आधी मारून ठेवा. मुख्य कट तिथे पोचला की तुकडे आपोआप गळून पडतात आणि ब्लेडला वळायला जागा होते.

ब्लेड चढवण्याचा क्रम मात्र पाठ करा, कारण इथे घाई केलेली लगेच दिसत नाही. प्लग काढलेला. बाजूचे गाइड आणि पाठीमागचं बेअरिंग आधी लांब सरकवलेले. टेबलाजवळ दात खाली आणि तुमच्याकडे तोंड करून. दात वर बघत असतील तर ब्लेड उलटं आहे, ते दोन्ही हातांनी आतलं बाहेर फिरवून घ्या. मग ताण, मग हाताने चाक फिरवत ब्लेड मधोमध आणणं, आणि सगळ्यात शेवटी गाइड. मी कित्येक जणांना आधी गाइड आवळून मग ताण चढवताना पाहिलं आहे. ब्लेड मध्ये येतंय की गाइड त्याला ढकलून मध्ये आणतायत, हे मग कळतच नाही.

बाजूचे गाइड ब्लेडपासून कागदाच्या जाडीइतके लांब आणि दातांमधल्या खाचांच्या किंचित मागे हवेत. गाइड दातांवर आले तर दातांची डावी-उजवी फाक बसते, आणि फाक गेलेलं ब्लेड स्वतःच्याच कटात अडकतं. पाठीमागचं बेअरिंग रिकाम्या चालीत फिरता कामा नये. लाकूड पुढे सारलं की मगच ब्लेड त्याला टेकावं.

ताणाच्या बाबतीत यंत्रावरच्या काट्यावर मी फारसा विसंबत नाही. स्प्रिंग जुनी झाली की तो काटा अंदाजच दाखवतो. वरचं गाइड टेबलापासून १५० मिलिमीटर उचलून, प्लग काढलेला असताना, ब्लेड बोटाने बाजूला दाबून बघतो. साधारण ६ मिलिमीटर हललं तर मला पुरतं. उंच चिरकाम असेल तर आणखी थोडं ओढून घेतो.

फेन्स, म्हणजे लाकूड सरळ सरकवायला टेबलावर बसवायची पट्टी, लावून चिरताना कट तिरका जात असेल तर फेन्सला दोष देण्याआधी एक फालतू फळी घ्या. काठाला समांतर रेघ मारा आणि हाताने, रेघेवर, अर्ध्यापर्यंत कापा. फळी आहे तशी धरून यंत्र बंद करा. फळी ज्या कोनात उभी आहे त्याच कोनात फेन्स लावली की हे ब्लेड सरळ कापेल. कोन फारच मोठा निघाला तर मात्र फेन्स फिरवून वेळ मारून नेऊ नका. तिथे पुन्हा धार आणि गाइड बघण्याची गरज असते.

आता हात. वरचं गाइड लाकडाच्या वर ६ मिलिमीटरपेक्षा जास्त उंच ठेवू नका. उंच ठेवलं की कट दिसायला सोपा जातो, हे खरं, पण तेवढं उघडं ब्लेड बोटांसाठी मोकळं राहतं आणि ब्लेडला आधारही मिळत नाही. बोटं ब्लेडच्या रेघेत कधीच नकोत, नेहमी बाजूला, आणि दातांपासून ७ ते ८ सेंटिमीटरच्या आत येण्याची वेळ आली की ढकलकाठी. माझ्या अंगठ्याच्या वेळी काठी टेबलावरच पडलेली होती. हातमोजे यंत्र चालवताना घालू नका, मोज्याचा धागा दाताला अडकला की हात मागोमाग जातो. अंगठी, सैल बाही, मोकळे केस यांचंही तेच. डोळ्यांवर चष्मा हवाच. तोंडावर मास्क आणि भुसा ओढणारं यंत्र हेही हवंच: लाकडाच्या धुळीने कर्करोग होतो, हे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्येच नोंदवलं आहे.

गोल दांडा सुटा धरून कधीही कापू नका. दात खाली ओढतात, दांडा गर्रकन फिरतो आणि बोटांना बरोबर नेतो. इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच पाडलेल्या ठोकळ्यात तो घट्ट बसवा. हाच नियम ज्या लाकडाचा तळ टेबलाला टेकत नाही त्यालाही लागू आहे. खाली पोकळी असेल तर ब्लेड ते लाकूड टेबलावर आपटतं. लांब वळणदार कटातून मागे यायची वेळ आली तर यंत्र बंद करा, ब्लेड थांबू द्या, मग लाकूड मागे घ्या. चालू ब्लेडवर मागे ओढलंत तर ते चाकांवरून उतरतं. बटण दाबल्यावरही ब्लेड बराच वेळ फिरत राहतं, त्या वेळात तुकडा उचलायला हात घालू नका.

आणि कान उघडे ठेवा. ब्लेडच्या प्रत्येक फेऱ्यागणिक टिक, टिक असा आवाज येत असेल तर भेग पडली आहे किंवा पट्टीची दोन टोकं जोडलेला सांधा सुटतोय. हा सांधाच बँडसॉची जुनी दुखरी जागा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या यंत्राची कल्पना मांडली गेली, पण ब्लेड सांध्यात तुटत असे, म्हणून ते वापरात येईना. १८४६ मध्ये फ्रान्समधल्या आन पोलिन क्रेपँ या बाईंनी टिकाऊ सांधा घालण्याची रीत काढली, त्यानंतर यंत्र कामाला लागलं. आजही टिक ऐकू आली की बंद. ब्लेड तुटलंच तर बटण दाबून बाजूला व्हा, आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका. तुटलेलं ब्लेड यंत्राच्या उजव्या, मोकळ्या बाजूला उसळू शकतं, म्हणून त्या बाजूला बघ्यांना उभं राहू देऊ नका.

ब्लेडची निगा म्हणजे मुख्यतः राळ काढणं. चिकट लाकूड कापलं की दातांच्या खाचांत राळ साचते आणि धारदार ब्लेडही बोथटासारखं वागतं. कित्येकांनी चांगली ब्लेडं अशीच फेकून दिलेली मी पाहिली आहेत. ब्लेड उतरवून सौम्य डिग्रीझरमध्ये, म्हणजे चिकटा काढणाऱ्या द्रावात, भिजत ठेवा, नायलॉनच्या ब्रशने घासा, कोरडं करा, तेलाचा पातळ हात फिरवा. चाकांच्या रबरावर साचलेला भुसाही खरवडून काढा, नाहीतर ब्लेड उड्या मारतं. नवं ब्लेड लावलं की पहिल्या काही कटांत लाकूड नेहमीच्या अर्ध्या वेगाने पुढे सारा, धार जास्त टिकते.

गुंडाळताना मात्र हातमोजे घाला, चष्माही. तीन वेटोळ्यांत ब्लेड बसतं, पण ते उसळतं, म्हणून आधी अरुंद ब्लेडवर सराव करा. उघडताना अंगापासून लांब, हात पूर्ण ताठ. गुंडाळलेल्या ब्लेडला रुंदी, दात आणि शेवटची धार कधी लावली याची चिठ्ठी बांधून खुंटीला लटकवा.

दिवस संपला की मी ताण सैल करतो, म्हणजे रबरावर दाबाचे खड्डे पडत नाहीत आणि स्प्रिंगही थकत नाही. मग स्विचवर "ताण सैल आहे" असा कागद चिकटवतो. एकदा मीच सकाळी विसरून यंत्र चालू केलं होतं आणि ब्लेड चाकांवरून उतरून दारावर आदळलं होतं. तेव्हापासून तो कागद काढल्याशिवाय बटणाला हात लावता येत नाही, इतका मोठा केला आहे.