स्वस्त व्हाइट वाइन ताडून पाहताना

तुलना करायची तर द्राक्ष एकच धरा. शेनिन ब्लां हे द्राक्ष घ्या: नाशिकच्या सुला वायनरीची शेनिन ब्लां आणि अकलूजच्या फ्रातेली वायनरीची शेनिन ब्लां शेजारी ठेवा, दोन्ही पुण्यात खिशाला परवडतात. बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळून घरातल्या कुणाला तरी नंबर घालायला सांगा. किंमत माहीत असली की जीभ हमखास महागाच्या बाजूने कौल देते.

फ्रिजमधून काढल्याकाढल्या चाखू नका. फार गार वाइनचा वास दबतो आणि दोषही लपतात. साधारण १० अंशांना पहिला घोट घ्या. मग ग्लास तसाच ठेवून अर्ध्या तासाने पुन्हा चाखा. एप्रिलच्या उकाड्यात तेवढाही वेळ लागत नाही. आता गोडवा चिकट वाटतोय का, अल्कोहोल नाकात चढतंय का? स्वस्त वाइनची खरी परीक्षा इथेच होते, आणि यातून तरून जाणारी बाटली मी बेलाशक पुन्हा घेईन.

नॅचरल वाइन रांगेत असेल तर ती शेवटी. तिच्यात यीस्ट वेगळं घालत नाहीत, सल्फाइट (वाइन टिकवणारा पदार्थ) नाममात्र किंवा अजिबात नसतं, बहुतेकदा गाळलेलीही नसते. त्यामुळे ती गढूळ दिसली, तळाशी साका असला, म्हणून गुण कापू नका. नेलपॉलिशसारखा उग्र वास आला तर मात्र जरूर कापा. काही दोष घोट गिळल्यानंतर थोड्या वेळाने जिभेवर येतात, तेव्हा थांबून गुण द्या.

मध्ये साधा पाव आणि पाणी. बाकरवडी नंतर काढा, किंचित गोडसर शेनिनबरोबर ती छान जमते.