गच्चीवरच्या माळव्याची तयारी, आणि वरची फट

गेल्या एप्रिलात परभणीत घराच्या गच्चीवर दहा बाय सहा फुटांचं ग्रीनहाऊस उभं केलं. लोखंडी पाईप, वरून पारदर्शक प्लास्टिक, चारी बाजूंनी खाली विटा ठेवून गच्च दाबलेलं. तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला दार उघडलं, तर भगुन्याचं झाकण काढावं तशी वाफ तोंडावर आली. टोमॅटोची अठरा रोपं, अठराही माना टाकून. आई एवढंच म्हणाली, "माळवं खाली आणून शिजवतात रं." म्हणून यंदा आधी यादी.

कुंड्या, खुरपं, झारी हे सांगत बसत नाही. बादल्यांच्या बुडाला भोकं पाडा, हेही सांगायला नको.

पहिलं काम फट. गरम हवा वर चढते आणि प्लास्टिकखाली अडकून बसते. बाजूचं दार उघडं ठेवून भागत नाही, मी ठेवून पाहिलंय. छताला, अगदी माथ्यावर, वाट हवी आणि खालून गार हवा आत यायला जागा हवी. हिशेब सोपा आहे: जमिनीच्या क्षेत्रफळाचा निदान पाचवा हिस्सा उघडा. दहा बाय सहाला बारा चौरस फूट. हे पाईप कापण्याआधी ठरवा, नंतर प्लास्टिक फाडून फट काढता येत नाही, चिंध्या होतात. आत डोक्याच्या उंचीवर साधा थर्मामीटर टांगा. तो पस्तीसच्या वर रेंगाळू लागला की टोमॅटोची फुलं गळायला लागतात, मग खत कितीही घाला.

खरं म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात प्लास्टिक लागतच नाही. पन्नास टक्क्यांची, म्हणजे निम्मं ऊन अडवणारी, हिरवी शेडनेट पुरते. ती सात फुटांवर बांधा आणि बाजूंना खाली हातभर मोकळं सोडा. हो, नेटलाही फट. दुकानदार पंच्याहत्तर टक्क्यांची गळ्यात मारतो. तिच्याखाली पालेभाजी निघेल, वांगी-मिरची नुसती उंच वाढतील. पाईप कठड्याला तारेनं आवळा. मे महिन्यातल्या अवकाळी वाऱ्यात सुटी नेट चार घरं पलीकडं जाते आणि मग ती मागायला जायची लाज वाटते.

शेतातून काळी माती पोत्यानं आणायचा मोह होतो, आणू नका. ती भिजली की फुगून चिकट होते, वाळली की भेगाळते आणि पाणी भेगेतून थेट खाली जातं, मुळं कोरडीच. एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). वीस लिटरची भिजलेली बादली वीस किलोच्या पुढंच जाते. अशा तीस म्हणजे सहा क्विंटल, तेव्हा स्लॅबच्या मधोमध रचू नका. खालच्या भिंतींच्या, बीमच्या रेषेत ठेवा.

पाणी. उन्हाळ्यात एका बादलीला रोजचं दीड-दोन लिटर धरा. तीस बादल्यांना दोनशे लिटरचा ड्रम जेमतेम चार दिवस जातो आणि नळ त्याच्या मर्जीनं येतो. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. तसल्या वर्षी कुंड्यांना कोण विचारतंय? तेवढंच लावा जेवढ्याला ड्रम पुरेल. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालतं, साबणाचं नाही. बोअरचं पाणी घालत असाल तर मातीवर पांढरा थर येतो. पहिल्या पावसात बादल्या उघड्यावर ठेवून धुऊन घ्या.

एप्रिलात सुरुवात करू नका, मी केली. मेच्या अखेरीस ट्रेमध्ये बी टाका, मृग लागून पाऊस स्थिरावला की रोपं हलवा. भेंडी थेट बादलीत. इथल्या कृषी विद्यापीठाची परभणी क्रांती ही भेंडीची जात शिरा पिवळ्या पडण्याच्या रोगाला टिकावी म्हणूनच काढलेली आहे. काकडी-दोडका नेटच्या बाहेर लावा, नाहीतर मधमाशी येणार नाही आणि फळ धरणार नाही. पावसाळी ढगाळ दिवसांत नेट गुंडाळा. आणि प्लास्टिक लावलेलं असेल तर वरची फट? पावसाचं पाणी आत येतं म्हणून ती बुजवू नका, वर छोटं छप्पर काढा. बुजवू नका.

खत पंधरवड्याला, ओंजळभर. मावा दिसला की निंबोळी अर्क, संध्याकाळी. आधार काठीचा. बाकी झाडं सांगतील.

प्लास्टिक वाया गेलं नाही, ते डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी ठेवलंय. परभणीची थंडी रोपांना सोसत नाही. रात्री फट बंद, सकाळी आठच्या आत उघडी. त्या दिवसांत गावाला लग्नाला जाणार असाल, तर गच्चीची चावी शेजारच्या काकूंकडे द्या. पाणी घालायला नाही हो, फट उघडायला.