करविषयक प्रश्न आणि भाषणे यांचा अभ्यास : पुण्यातून सुरुवात करणाऱ्यांसाठी

अर्थशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण संपत आलेली आणि धोरणाच्या क्षेत्रात काम करू इच्छिणारी मुले-मुली पुण्यात नेहमी भेटतात. एखाद्या आमदाराच्या किंवा खासदाराच्या करविषयक कामाचा अभ्यास कोठून सुरू करावा, असे ती विचारतात. मी एका विधिमंडळ सदस्यासाठी प्रश्नांचे मसुदे, अर्थसंकल्पावरील टिपणे आणि भाषणांना लागणारी आकडेवारी तयार करण्याचे काम काही वर्षे करत आले आहे, आणि त्या अनुभवावरून सांगते की सुरुवात भाषणापासून करू नये. आधी त्या सदस्याने मागील अधिवेशनांत विचारलेले प्रश्न वाचावेत, मग त्यांना मिळालेली उत्तरे, आणि त्यानंतर भाषण. या क्रमाने गेले की भाषणातला आकडा कोठून आला, तो सरकारने कोणत्या अटीसह दिला होता आणि सदस्याने त्यातली अट पाळली की गाळली, हे तपासता येते. हा तपास जमणे हेच या कामातले मुख्य कौशल्य आहे, असे माझे ठाम मत आहे.

पुण्यात राहणाऱ्याला याचा उत्तम नमुना शोधायला लांब जावे लागत नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ साली केंद्रीय कायदेमंडळात केलेले पहिले अर्थसंकल्पीय भाषण मी प्रत्येक नवोदिताला सावकाश वाचायला सांगते. १८९२ च्या कायद्याने सदस्यांना अर्थसंकल्पावर बोलण्याची मुभा मिळाली होती, परंतु त्यावर मतदान करण्याचा अधिकार नव्हता आणि उपप्रश्नही विचारता येत नव्हते. म्हणजे सरकारला हरवण्याचा कोणताही मार्ग उपलब्ध नसताना केवळ युक्तिवादाच्या बळावर उभे राहायचे होते. त्या वर्षी सरकार शिलकीचा अर्थसंकल्प अभिमानाने मांडत होते. रुपयाचा भाव सुमारे १३ पेन्सांपर्यंत घसरला होता तेव्हा इंग्लंडमध्ये भागवायच्या खर्चासाठी जास्त रुपये लागत होते आणि त्या काळात कर वाढवले गेले होते. पुढे भाव १६ पेन्सांवर स्थिर झाल्यावर तोच खर्च कमी रुपयांत भागू लागला, तरी कर मात्र उतरवले गेले नाहीत. शिल्लक ही भरभराटीची खूण नसून गरजेपेक्षा अधिक वसूल केलेल्या कराचा परिणाम आहे, हा निष्कर्ष गोखल्यांनी सरकारच्याच कागदांतून काढून दाखवला.

या मांडणीला फळही आले. मिठावरचा कर १८८८ पासून मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. प्राप्तिकरातून सूट मिळणाऱ्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादाही १९०३ मध्ये ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर गेली. सगळे श्रेय एका भाषणाला देणे अभ्यासकाला शोभणार नाही, कारण शिल्लक असल्याशिवाय ही कपात शक्यच नव्हती. परंतु शिल्लक कोणाच्या खिशातून आली हे सभागृहात वर्षानुवर्षे सांगणारे कोणीतरी असावे लागते, आणि ते काम गोखल्यांनी केले.

या भाषणांमागे आणखी एक नाव आहे आणि मला ते अधिक जवळचे वाटते. गणेश व्यंकटेश जोशी हे शिक्षण खात्यात नोकरी केलेले, न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले आणि पुणे सार्वजनिक सभा या संस्थेच्या त्रैमासिकात आर्थिक विषयांवर लिहिणारे गृहस्थ होते. अर्थसंकल्पावर बोलण्यापूर्वी गोखले त्यांच्याकडून आकडे आणि टिपणे मागवीत असत. आज ज्याला आपण संसदीय संशोधन साहाय्यकाचे काम म्हणतो, ते मराठी माणसाने शतकापूर्वी इतक्या निष्ठेने केलेले आहे, हे या क्षेत्रात येणाऱ्याने अवश्य जाणून घ्यावे.

आता आजच्या व्यवहाराकडे येऊ. लोकसभेत दररोज २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न यादीत घेतले जातात. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर उपप्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. नवोदितांचे लक्ष साहजिकच तारांकित प्रश्नाकडे जाते, कारण तेथे खडाजंगी होते. परंतु कराच्या अभ्यासकासाठी खरी खाण अतारांकित उत्तरांत असते, कारण राज्यनिहाय, वर्षनिहाय आणि लेखाशीर्षनिहाय (सरकारी हिशेबातील खात्यांनुसार) तक्ते तेथे जोडलेले असतात. ही उत्तरे आणि १९५२ पासूनच्या लोकसभेच्या चर्चा संसदेच्या संकेतस्थळावर वाचायला मिळतात.

महाराष्ट्र विधिमंडळातील प्रश्नाची घडण थोडी वेगळी आहे. येथे प्रश्न ‘हे खरे आहे काय’ या साच्यात विचारला जातो, पुढचा भाग ‘असल्यास’ने सुरू होतो आणि उत्तर ‘हे खरे आहे’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ अशा ठरलेल्या शब्दांत येते. या साच्यामुळे मसुदा करणाऱ्यावर मोठी जबाबदारी पडते. पहिल्या भागातील एखादा तपशील चुकीचा असला तर विभाग ‘हे खरे नाही’ असे लिहून मोकळा होतो आणि पुढचे सर्व भाग आपोआप निकालात निघतात. म्हणून पहिल्या भागात निर्विवाद तथ्य ठेवावे आणि ज्याची माहिती हवी आहे ते स्वतंत्र भागात विचारावे. ‘अंशतः खरे आहे’ हे उत्तर आले तर मात्र आनंद मानावा, कारण कोणता अंश खरा आहे हे विचारण्याचा मार्ग त्यातून खुला होतो.

कराविषयीचा प्रश्न लिहिताना सर्वांत अधिक काळजी आकड्याच्या जातीची घ्यावी लागते. अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा हे तीन वेगळे आकडे आहेत आणि दोन वर्षांची तुलना करताना दोन्हीकडे एकाच जातीचा आकडा हवा. ढोबळ वसुली आणि परतावे वजा जाता उरलेली वसुली यांतही मोठे अंतर असते. थकबाकीच्या प्रश्नाबाबतचा माझा अनुभव सांगण्यासारखा आहे. करथकबाकीची एकूण रक्कम विचारली असता एकच मोठा आकडा उत्तरात आला. त्यातली किती रक्कम अपिलांत अडकलेली, किती वादातीत आणि किती बंद पडलेल्या व्यवसायांकडे आहे, हे त्यावरून समजत नव्हते. पुढच्या अधिवेशनात हेच टप्पे वेगवेगळे करून विचारल्यावर चित्र स्पष्ट झाले आणि भाषणाचा रोखच बदलला, कारण बराचसा भाग वसुलीच्या ढिलाईचा नसून अपिले वेळेवर निकाली न निघण्याचा होता. एकाच विषयावर सलग अधिवेशनांत विचारलेले प्रश्न शेजारी ठेवून वाचले की सदस्य गंभीर आहे की नाही, हे भाषणापेक्षा अधिक खात्रीने कळते.

‘माहिती गोळा करण्यात येत आहे’ हे उत्तर निराशाजनक वाटते. पण ती माहिती पुढे देण्याचे ते एक आश्वासनच असते. मंत्र्यांनी सभागृहात दिलेल्या अशा आश्वासनांचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती असते आणि तिचे अहवाल अभ्यासकांकडून फारच कमी वाचले जातात.

विषयाची निवड करताना माझा सल्ला असा, की एकदम वस्तू व सेवा करापासून सुरुवात करू नये. तो विषय मोठा आहे, त्याचे दर केंद्र व राज्ये यांच्या जीएसटी परिषदेच्या शिफारशींवरून ठरतात आणि राज्याच्या सदस्याला तेथे मुख्यतः राज्याने कोणती भूमिका घेतली हेच विचारता येते. त्याऐवजी व्यवसायकर घ्यावा. महाराष्ट्राने १९७५ च्या कायद्याने हा कर रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करण्याच्या हेतूने लावला. शहरातील नोकरदाराच्या वेतनातून ग्रामीण मजुराच्या कामाची सोय करणारी ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाला २,५०० रुपयांची कमाल मर्यादा आहे, जी १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने २५० वरून वाढवली गेली. हेतू, मर्यादा, वसुली आणि प्रत्यक्ष खर्च या चारही बाजूंवर प्रश्न काढता येतात. पुणेकर अभ्यासकाला दुसरा सोयीचा विषय मिळकतकराचा आहे. मालक स्वतः राहत असलेल्या घरांना १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर रद्द झाली आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने ती पुन्हा लागू केली. महापालिकेच्या कराचा निर्णय मुंबईत का होतो, हे समजून घेण्यासाठी या प्रकरणाचे कागद क्रमाने वाचावेत.

घटनेतील काही अनुच्छेद मात्र पाठच असावेत. कायद्याच्या अधिकाराशिवाय कर लावता येत नाही, हे २६५ मध्ये आहे. धनविधेयकाची व्याख्या संसदेसाठी ११० मध्ये आणि राज्यासाठी १९९ मध्ये आहे. ११७ आणि २०७ यांच्याकडे नवोदितांचे दुर्लक्ष होते. त्यांनुसार करवाढीची दुरुस्ती मांडण्यासाठी राष्ट्रपतींची वा राज्यपालांची शिफारस लागते, कर कमी करणारी किंवा रद्द करणारी दुरुस्ती मांडण्यासाठी मात्र लागत नाही. एखादा सदस्य करवाढीची दुरुस्ती न मांडता केवळ भाषणात ती सुचवतो तेव्हा त्यामागे बहुधा हेच कारण असते.

भाषणाविषयी थोडेच सांगायचे आहे. वेळ पक्षाच्या संख्याबळानुसार मिळतो आणि तो पुष्कळदा काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे टिपणात दहा आकडे असले तरी सभागृहात दोनच टिकतात. १९६३ साली लोकसभेत राममनोहर लोहियांनी देशातील २७ कोटी लोक दिवसाला तीन आण्यांवर जगतात असे सांगितले आणि पंडित नेहरूंनी तो आकडा १५ आणे असल्याचे म्हटले. तो वाद लोकांच्या स्मरणात राहिला, कारण तो एकाच आकड्याभोवती होता आणि त्या आकड्याची व्याख्या काय हाच भांडणाचा मुद्दा होता. टिपण करताना सदस्याला आकड्याबरोबर त्याची व्याख्याही एका वाक्यात द्यावी. समोरून हरकत आली की तेच वाक्य उपयोगी पडते.

शिकण्याच्या जागांपैकी गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्थेचे ग्रंथालय जुन्या अर्थसंकल्पीय कागदांसाठी मला सर्वांत मोलाचे वाटते. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाच्या काळात संसदीय अभ्यासवर्ग भरवला जातो, तर खासदारांबरोबर प्रत्यक्ष काम करायचे असल्यास पीआरएस या विधिमंडळविषयक संशोधन संस्थेची लॅम्प फेलोशिप (खासदाराचे संशोधन साहाय्यक म्हणून काम करण्याची पाठ्यवृत्ती) हा परिचित मार्ग आहे. थेट एखाद्या आमदाराच्या कार्यालयात अर्ज करणार असाल तर सोबत परिचयपत्राइतकेच महत्त्व देऊन एक काम जोडा : त्या सदस्याच्या मागील दोन अधिवेशनांतील करविषयक प्रश्नांपैकी एक निवडा, त्याच्या उत्तरात काय दिले गेले आणि काय सुटले ते एका पानात लिहा, आणि पुढचा प्रश्न मसुद्याच्या रूपात मांडा.