नागपुरात मांजरं घेऊन किरायाचं घर कसं मिळवायचं

"मांजर? काहून पाळता बाप्पा?" घर दाखवताना मालकाने असं विचारलं, तर समजायचं की काम होण्यासारखं आहे. ज्यांना द्यायचंच नसतं ते "फॅमिलीवाल्यालाच द्यायचं आहे" म्हणून गेट लावून घेतात. 'काहून' विचारणाऱ्याला फक्त शंका असतात. वास येईल का, वरचे-खालचे बोंबलतील का, सोफा फाडतील का.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. एक तर्री, पोह्यांवरच्या तर्रीसारख्या रंगामुळे हे नाव पडलं. दुसरी भुरी. पहिल्या घरात मी त्यांच्याबद्दल सांगितलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी भुरी खिडकीतल्या कूलरवर बसून खाली अंगणात धान्य निवडणाऱ्या मालकीणकाकूंकडे टक लावून बघत होती. काकूंनी वर बघितलं. दोघी बराच वेळ एकमेकींना न्याहाळत राहिल्या. संध्याकाळी मला खाली बोलावणं आलं. "मांजर आहे त्याचं काही नाही, पण सांगितलं काहून नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अकरा महिने झाले आणि करार वाढवून मिळाला नाही. तेव्हापासून पहिल्याच फोनवर मांजरांचं सांगून टाकते. निम्मे लोक तिथेच गळतात, आणि ते बरंच असतं.

घर बघायच्या आधी कागद जमवा

प्रत्येक मांजराचं लसीकरण कार्ड हवं. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस देतात, पुढे दरवर्षी. त्याशिवाय ट्रायकॅट, म्हणजे मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस. नसबंदी झाली असेल तर डॉक्टरकडून तसं लिहून घ्या, झाली नसेल तर घर शोधण्याआधी करून घ्या. मांजराच्या वासाबद्दल मालक जे ऐकून असतो ते बहुतेक वेळा नसबंदी न झालेल्या बोक्याचं असतं. तो भिंतीवर, दारावर फवारा मारतो आणि तो वास रंग दिला तरी जात नाही. शस्त्रक्रियेनंतर ही सवय बहुतेक बोक्यांमध्ये सुटते, विशेषतः सवय लागायच्या आधी केली तर. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. सकाळी लवकर गेलेलं बरं.

सोबत आधीच्या मालकाचं दोन ओळींचं पत्र, निदान व्हॉट्सअॅप मेसेज असला तर कार्डापेक्षाही जास्त उपयोग होतो. घर नीट ठेवलं, वास नव्हता, एवढंच हवं.

कुठलं घर बघायचं

नागपुरात किरायाची घरं ढोबळमानाने दोन प्रकारची. एक, मालक खाली आणि किरायेदार वर. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, नरेंद्रनगर भागांत अशी भरपूर आहेत. इथे सोसायटी नाही, मीटिंग नाही, सर्क्युलर नाही. एका माणसाला पटवलं की झालं, पण त्या माणसाची रोज जिन्यात गाठ पडते. दुसरा प्रकार फ्लॅटचा, मनीषनगर-बेसाकडे इमारतींमागून इमारती. तिथे मालक बरेचदा पुण्याला किंवा अमेरिकेत असतो, त्याला मांजराशी घेणंदेणं नसतं, पण खाली सचिव बसलेले असतात.

माझं मत विचाराल तर, एकच मांजर असेल आणि ते शांत असेल तर मालकासोबतचं घर. दोन-तीन असतील तर फ्लॅट, शक्यतो कोपऱ्यातला, ज्याच्या दारासमोर दुसरं दार नाही.

फ्लॅट बघताना एक विचारून ठेवा: इमारत सहकारी गृहनिर्माण संस्था आहे की १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालची? आपल्याकडे दुसऱ्या प्रकारच्या पुष्कळ आहेत. दोन्हींचे उपविधी, म्हणजे इमारतीचे लेखी नियम, वेगळे असतात. नियम दाखवा म्हटलं की उपविधीच दाखवायला लावायचे, गेटवरची पाटी म्हणजे उपविधी नव्हे.

नियम नेमके कोणाला लागू होतात

इथे बहुतेकांचा घोळ होतो. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये सोसायट्या आणि रहिवासी संघटनांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या मुख्यतः कुत्र्यांना धरून आहेत. बहुमताने ठराव केला तरी पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्ट वापरायला मनाई करता येत नाही, असा त्यांचा आशय. राज्यघटनेच्या कलम ५१-अ (छ) मध्ये प्राणिमात्रांबद्दल दया बाळगणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून नोंदवलेलं आहे. आणि पाळीव प्राण्याला वाऱ्यावर सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे.

पण हे सगळं सोसायटीशी बोलताना कामाचं. "मला मांजरवाला किरायेदार नको" म्हणणाऱ्या मालकाला या कागदांनी घर द्यायला लावता येत नाही. त्याच्यासमोर कलमं वाचू नका, चहा प्या.

अलीकडे आणखी एक गोंधळ वाढला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल ११ तारखेला एक आदेश दिला आणि २२ तारखेला तो बदलला. तेव्हापासून इमारतींच्या ग्रुपवर "कोर्टाने प्राणी बंद केले" असे मेसेज फिरून राहिले आहेत. ते प्रकरण रस्त्यावरच्या कुत्र्यांचं होतं. तुमच्या तिसऱ्या मजल्यावर पंख्याखाली झोपलेल्या मांजरीचा त्याच्याशी संबंध नाही. हे सचिवांना शांतपणे, एकदाच सांगा. पाळीव प्राण्यांच्या नोंदणीबद्दल कोणी म्हटलं तर महापालिकेच्या आपल्या झोन कार्यालयात जाऊन सध्याचा नियम स्वतः विचारून या.

करारात एक ओळ

नियम उद्या बदलतील, मालकाचं मनही बदलेल. म्हणून सगळ्यात जास्त जोर इथे लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. अंगठ्याची मशीन घेऊन एजंट घरीच येतो. मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या ०.२५ टक्के. महिना १४,००० किराया आणि ३०,००० परतीचं डिपॉझिट धरलं तर अकरा महिन्यांसाठी ते चारशेच्या आसपास जातं. शहरात नोंदणी फी १,०००. एजंटाचे पैसे वेगळे.

एजंटाकडे तयार मसुदा असतो आणि त्यात मांजराचा उल्लेख नसतो. कधी तर उलट "पाळीव प्राणी ठेवणार नाही" असं छापलेलं असतं. अंगठा लावायच्या आधी वाचा. इतर अटींच्या रकान्यात मी हे टाकायला लावते:

"लिहून घेणार यांच्याकडे नसबंदी व लसीकरण झालेल्या दोन पाळीव मांजरी आहेत व त्या सदर जागेत ठेवण्यास लिहून देणार यांची संमती आहे. मांजरींमुळे जागेचे नुकसान झाल्यास दुरुस्तीचा प्रत्यक्ष खर्च बिल दाखवून डिपॉझिटमधून वजा करता येईल."

दुसरं वाक्य मालकासाठी आहे. ते आपणहून पुढे केलं की पहिल्यावर सही सोपी होते. 'प्रत्यक्ष' आणि 'बिल' हे दोन शब्द मात्र गळू देऊ नका.

कूलरची खिडकी

मांजरांच्या बाबतीत नागपूरचा सगळ्यात मोठा धोका म्हणजे कूलर. होळीनंतर खिडकीची काच सरकते, बाहेर लोखंडी स्टँडवर कूलर बसतो, आणि चौकट व कूलर यांच्यामधली फट पुठ्ठा, थर्माकोल, नाहीतर जुन्या चादरीने बुजवली जाते. मांजराचं डोकं जिथून जातं तिथून ते अख्खं जातं. तर्री दुसऱ्या घरात थर्माकोल कुरतडून बाहेर पडली आणि कूलरच्या टपावर बसून ओरडत राहिली. मे महिना, दुपारचे दोन, पत्रा तव्यासारखा तापलेला. मी ओल्या टॉवेलमध्ये गुंडाळून तिला आत ओढलं, माझ्या हातावर त्याची खूण अजून आहे.

तर हार्डवेअरच्या दुकानातून वेल्डमेशची जाळी मापाने कापून आणा आणि खिडकीच्या गजांना, स्टँडला प्लास्टिकच्या झिप टायने आवळा. भिंतीला ड्रिल नको, म्हणजे मालकाची कुरकुरही नाही. कूलरच्या बाजूच्या ताट्यांतलं वुडवूल मांजरांना नखं घासायला फार आवडतं, बाहेरच्या बाजूला त्यांचा पंजा पोचणार नाही असं बघा. पंपाची वायर उघडी नको, टाकीच्या पाण्याशी खेळणारं मांजर आणि झिरपणारा करंट ही जोडी जीवघेणी आहे. पावसाळ्यात कूलर काढला की त्या खिडकीला भगदाड राहतं, तेही त्याच दिवशी बंद करा.

बाल्कनीला कबुतरांची नायलॉनची जाळी असेल तर चावून बघायला मांजराला आठवडा पुरतो. तारेची लावा.

पहिला आठवडा

सामान हलवायच्या दिवशी मांजरं बाथरूममध्ये, दारावर चिठ्ठी. उन्हाळा असेल तर सकाळी आठच्या आत त्यांची फेरी उरका. नव्या घरात आधी एकच खोली द्या, बाकीचं घर तीन-चार दिवसांनी. रेतीचे ट्रे मांजरांच्या संख्येपेक्षा एक जास्त. गोळा होणारी रेती संडासात टाकू नका, पाईप तुंबला की प्लंबरचं बिल आणि मालकाचा फोन एकत्र येतो.

कामाच्या मावशींना फिनाइल वापरू नका म्हणून सांगा. त्यातलं फिनॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही, आणि मांजर पंजे चाटतं. मला मावशींचा टोमणा मिळाला होता, "मांजरासाठी घर, की घरासाठी मांजर?" साध्या साबणपाण्यावर त्या आता राजी आहेत.

मध्येच नियम बदलला तर

"पुढच्या महिन्यापासून प्राणी चालणार नाहीत" असं वॉचमनने सांगितलं तर वॉचमनशी भांडू नका. सचिवांना लिहून मागा: ठराव कोणत्या सभेत झाला, कोणत्या उपविधीखाली, प्रत द्या. माझ्या तिसऱ्या इमारतीत एवढ्यावरच विषय संपला, कारण सभा झालीच नव्हती, दोघा काकांचं गच्चीवर बोलणं झालं होतं. प्रत मिळाली तर उत्तर मालकाच्या सहीने द्या, सभासद तो आहे. सोबत २०१५ च्या सूचना, लसीकरण कार्ड आणि कराराचं पान जोडा. जिन्यात केस, बाहेर पडलेली रेती, रात्रीचं ओरडणं अशी खरी तक्रार असेल तर ती आधी दूर करा आणि तसं लिहा. संस्था सहकारी असेल आणि तरीही दंड लावत असेल तर सहकारी संस्थांच्या उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो.

कराराची मुदत संपत आली की मात्र ही ढाल उरत नाही. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदतीनंतर मालक जागा परत मागू शकतो. म्हणून नवव्या महिन्यातच वाढवणार का ते विचारा. मी जाताना अर्धा किलो संत्रा बर्फी नेते आणि मालकांना घर बघायला वर बोलावते. तर्री पाहुण्यांच्या मांडीवर जाऊन बसते, भुरी पलंगाखाली. मागच्या वेळी मालकांनी जाताना एवढंच विचारलं, "दुसरी कुठं आहे?"