वॉक नर्स व्हायचंय? आधी डिग्रीची तारीख बघा

वॉक नर्स म्हणजे वूंड (जखमा), ऑस्टोमी (ऑपरेशन करून पोटावर काढलेली संडास-लघवीची वाट, तिच्या तोंडाला स्टोमा म्हणतात) आणि कॉन्टिनन्स (लघवी-संडासवरचा ताबा) या तीन विषयांतली नर्स. नर्सिंग शिकून अमेरिकेत आलेल्या मुलींचे मला फोन येतात. कुणी नवऱ्याच्या नोकरीमागून आलेली, कुणी स्वतःच्या जिवावर एनक्लेक्स, म्हणजे इथली नर्सिंग लायसन्सची परीक्षा, देऊन. दोन-चार वर्षं मेडिकल-सर्जिकल वॉर्डात रात्रपाळ्या काढून पाठ गेलेली असते, आणि कुणीतरी सांगितलेलं असतं की वूंड केअरमध्ये सोमवार ते शुक्रवार, दिवसाची ड्युटी असते. बऱ्याच ठिकाणी ते खरंही आहे. मग ठरलेला प्रश्न येतो, "ताई, कोणता कोर्स करू?" हा खरं तर तिसरा प्रश्न. त्याआधीचे दोन कुणी विचारत नाही आणि तिथेच पैसे आणि वर्षं वाया जातात.

पहिला प्रश्न: तुमच्याकडे बॅचलर डिग्री आहे का, आणि इथे ती बॅचलर म्हणून धरली जाते का?

जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, करून आलेल्या मुलीलाही इथे आरएनचं (रजिस्टर्ड नर्सचं) लायसन्स मिळू शकतं. वॉर्डात ती बीएससीवालीच्या बरोबरीने काम करते, पगारात फारसा फरक नसतो, म्हणून डिग्रीचा विषय मागे पडतो. पण वूंड, ऑस्टोमी आणि कॉन्टिनन्स नर्सिंगची परीक्षा घेणारं जे बोर्ड आहे, डब्ल्यूओसीएनसीबी, त्याला आरएन लायसन्स आणि बॅचलर डिग्री दोन्ही लागतं. कोर्स न करता अनुभवावर परीक्षेला बसायचीही सोय आहे. त्यासाठी प्रत्येक विषयात गेल्या पाच वर्षांत 1500 तास पेशंटबरोबरचं प्रत्यक्ष काम लागतं, त्यातले 375 तास शेवटच्या एका वर्षातले, आणि शिवाय त्या विषयाचं 50 तासांचं शिक्षण. हे सगळे वाचतात. खालची ओळ वाचत नाहीत: हे तास डिग्री मिळाल्यानंतरचे असावे लागतात.

माझ्या ओळखीची एक आहे, लातूरकडची. सोन्याचा हात. वूंड क्लिनिकमध्ये मन लावून काम केलं, तास वहीत मांडून ठेवले, अधूनमधून ऑनलाइन आरएन-टू-बीएसएन, म्हणजे आरएनसाठीची बॅचलर डिग्री, हेही उरकलं. अर्ज भरायला बसली तेव्हा डिग्रीच्या तारखेआधीचे सगळे तास बाद. पाच वर्षांची मुदत असल्यामुळे नंतरचे तास गोळा होईपर्यंत थांबणं आलं. ती रडली नाही, पण दोन महिने तिने माझा फोन उचलला नाही, कारण मी आधी का नाही सांगितलं याचा तिला राग होता. तिने मला विचारलंच नव्हतं, पण ते जाऊ दे. जीएनएम असाल तर आधी डिग्री. मग तास. पोस्ट बेसिक बीएससी (जीएनएमनंतरची डिग्री) भारतात झाली असेल तर तिचं मूल्यमापन करून घ्या आणि बोर्डाला ईमेल करून लेखी उत्तर मागा. मैत्रिणीच्या मैत्रिणीचं चाललं म्हणून आपलंही चालेल, असं धरून एक डॉलरही भरू नका. मी हे पुन्हा सांगणार आहे.

दुसरा प्रश्न: प्रिसेप्टर, म्हणजे प्रॅक्टिकल करून घेणारी नर्स, कोण?

मान्यताप्राप्त कोर्स मोजकेच आहेत. अटलांटाच्या एमोरी विद्यापीठाचा आणि इथे ओहायोत क्लीव्हलँड क्लिनिकचा, हे दोन सगळ्यांना माहीत असतात. थिअरी बरीचशी घरी बसून होते. प्रॅक्टिकल मात्र प्रमाणित वॉक नर्सच्या हाताखालीच करावं लागतं, आणि ती नर्स बहुतेक वेळा तुम्हालाच शोधायची असते. शोधली तरी तिच्या हॉस्पिटलचा आणि कोर्सचा करार व्हावा लागतो. दोन्हीकडच्या वकिलांच्या टेबलांवरून तो कागद फिरायला महिने जातात. फी भरून झालेली, थिअरी संपलेली आणि प्रॅक्टिकलला जागा नाही, अशा मुली मी पाहिल्या आहेत. म्हणून क्रम असा: डिग्री, प्रिसेप्टर, मग फी.

इथे आपल्या लोकांबद्दल बोलायला हवं, राग आला तरी. आपल्या मंडळात मी नर्स आहे म्हटलं की समोरचा क्षणभर थांबतो आणि विचारतो, "आणि मिस्टर कुठे असतात?" स्टोमाचं काम करते म्हटलं तर "म्हणजे शी-शूचं?" असं विचारून वहिनी पुरणपोळीचं ताट सरकवते. गणपतीला हजार माणसं जमवणाऱ्या मंडळात नर्सांचा साधा व्हॉट्सॲप ग्रुप नसतो. मल्याळी नर्सांचं तसं नाही. मोठ्या शहरांत त्यांच्या संघटना आहेत, आणि कुठल्या हॉस्पिटलात कोण प्रिसेप्टर घेते ते त्यांना तोंडपाठ असतं. तेव्हा संकोच सोडा आणि सरळ मल्याळी ताईंना फोन करा. मला पहिली प्रिसेप्टर त्यांच्यातूनच मिळाली.

आता तिसरा प्रश्न, कोर्सचा. तिन्ही विषयांचं प्रमाणपत्र म्हणजे सीडब्ल्यूओसीएन. नुसत्या जखमांचं सीडब्ल्यूसीएन. दोन्ही दर पाच वर्षांनी नव्याने मिळवावी लागतात. दुसऱ्या संस्थेचं जखमांचं प्रमाणपत्र, डब्ल्यूसीसी, तेही आहे. ते एलपीएन (आरएनच्या खालच्या पायरीच्या नर्स) आणि फिजिओथेरपिस्टनाही मिळतं, कोर्स लहान असतो आणि नर्सिंग होममध्ये त्याला मान आहे. पण हॉस्पिटलच्या जाहिरातीत सीडब्ल्यूओसीएन लिहिलं असेल तर डब्ल्यूसीसीवर तिथे दार उघडेलच असं नाही. ज्या पाच हॉस्पिटलांत तुम्हाला काम करायचंय त्यांच्या जाहिराती आधी वाचा, मग ठरवा. मुंबईत टाटा मेमोरियलमध्ये स्टोमाचं शिकून आलेल्या मुली इथे कामात नक्कीच उजव्या ठरतात, पण ते प्रमाणपत्र इथल्या अटीत आपोआप बसेल असं समजू नका.

व्हिसाबद्दल एकच: वकिलाला विचारा, मंडळातल्या काकांना नको.

प्रत्यक्ष कामाबद्दल मात्र मनापासून सांगते. हॉस्पिटल आपल्याला पगार का देतं हे पहिल्या दिवशी समजून घ्या. ऑक्टोबर 2008 पासून मेडिकेअर, म्हणजे मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा, हॉस्पिटलात झालेल्या स्टेज 3 आणि 4 च्या, म्हणजे खोल गेलेल्या, बेडसोरचे (पडून राहून होणाऱ्या जखमांचे) जादा पैसे देत नाही. त्यामुळे पेशंट दाखल होतानाच जखम होती की इथे आल्यावर झाली, यावर सगळा खेळ असतो. पहिल्या दिवसाच्या नोंदीत माकडहाडावरची जखम लिहायची राहिली तर ती हॉस्पिटलच्या नावावर चढते. आपल्याकडे आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, अशी सवय लागलेली असते. इथे कागदही पेशंटइतकाच निकडीचा आहे. मला हे आवडत नाही, पण नोकरी त्यावरच टिकते.

मोजायचं कसं तेही नीट शिका. लांबी डोक्याकडून पायाकडे, रुंदी तिला काटकोनात. खोलीसाठी सलाइनमध्ये ओली केलेली कापसाची काडी जखमेत सरळ उभी धरायची, कातडीच्या पातळीवर चिमटीत पकडायची आणि मोजपट्टीवर ठेवायची. सेंटिमीटरच, बोट-दीड बोट नाही. कडेखाली पोकळी गेली असेल तर घड्याळासारखी लिहायची, 12 डोक्याच्या बाजूला. बेटाडिन आणि हायड्रोजन पेरॉक्साइडचा हात आवरा. जखम कोरडी ठेवायची ही आपली वॉर्डातली शिकवण इथे विसरावी लागते. बरी होणारी जखम थोडी ओलसर हवी, पण भिजलेली नको. जखमेतला मेलेला भाग कापायला ब्लेड हातात घेण्याआधी आपल्या राज्याचा नर्सिंग कायदा आणि हॉस्पिटलचं धोरण, दोन्ही वाचा.

एका गोष्टीत आपण इथल्या गोऱ्या सहकाऱ्यांपेक्षा सरस असायला हवं. पुस्तकात बेडसोरचा स्टेज 1 म्हणजे दाबल्यावर न जाणारा लालसरपणा. सावळ्या, काळ्या कातडीवर तो लालसरपणा दिसतच नाही. तिथे हाताच्या पाठीने ऊब बघा, बोटाने कडकपणा किंवा लिबलिबीतपणा बघा, शेजारच्या कातडीशी तुलना करा, पेशंटला दुखतंय का विचारा. आपण अशाच रंगाच्या पेशंटांत वाढलो. तरी इथे आल्यावर मुली पुस्तकातला गुलाबी फोटोच शोधत बसतात.

ऑस्टोमी हा माझा जीव की प्राण विषय. ज्या पेशाची गोष्ट आपण करतोय तो एका पेशंटने सुरू केला. नॉर्मा गिल नर्स नव्हत्या. स्वतःचं इलिऑस्टोमी (लहान आतड्याचं तोंड पोटावर काढण्याचं ऑपरेशन) झालेली ही बाई 1958 मध्ये सर्जन रूपर्ट टर्नबुल यांच्याबरोबर क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये पेशंटांना शिकवू लागली, आणि 1961 मध्ये तिथे रीतसर प्रशिक्षण सुरू झालं. म्हणून पेशंट काही सांगत असेल तर आधी ऐका. स्टोमावर लावलेली पिशवी का गळते हे बहुतेक वेळा त्यालाच माहीत असतं.

शिकायची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे ऑपरेशनआधी पोटावर स्टोमाची जागा आखणं. एक गुजराती आजी आठवतात. गाऊनमध्ये पलंगावर झोपलेल्या असताना कुणीतरी पेनाने जागा करून ठेवली होती, दिसायला व्यवस्थित. मी त्यांना स्वतःचा परकर नेसायला लावला. नाडी बरोबर त्या खुणेवरून गेली. खुर्चीत बसवलं तर तीच जागा घडीत गायब, आणि वाकून बघितलं तरी त्यांना ती दिसेना. झोपवून, बसवून, वाकवून, उभं करून, चारही वेळा बघायचं. डोकं उचलायला सांगून पोटाचा सरळ स्नायू चाचपायचा आणि जागा त्याच्या आत घ्यायची. मग सर्जनला फोन करून सांगायचं की खूण हलवली आणि का हलवली. तो "सर" नाही, त्याला नावाने हाक मारतात. आपला आवाज इथेच बसतो. बसू देऊ नका.

पहिले सहा ते आठ आठवडे स्टोमा आक्रसत जातो, म्हणून दर वेळी माप घ्या. इलिऑस्टोमीवाल्याला पाण्याबरोबर मीठही लागतं हे घरच्यांना शिकवा. आणि पेशंट दार लोटून विचारेल, "आता बायकोजवळ झोपता येईल का?" तेव्हा चादर सारखी करायला वळू नका. त्याला उत्तर हवंय, आणि ते देणं आपलंच काम आहे.

कॉन्टिनन्सबद्दल थोडक्यात: कंटाळवाणं वाटतं, पण शिका. लघवी-संडासने सोललेली कातडी आणि बेडसोर यांतला फरक ज्यांना कळत नाही त्या चुकीचा स्टेज लिहितात, आणि तो लेखी राहतो.

पुन्हा सांगते. डिग्रीच्या आधीचे तास धरत नाहीत.

शेवटचं, भाषेचं. वॉर्डात कुणी मराठी पेशंट आला की सगळे तुमच्याकडे धावतील. आनंदाने बोला, धीर द्या, पोहे कुठे मिळतात तेही सांगा. पण संमतीपत्र किंवा स्टोमाचं शिक्षण भाषांतर करून सांगायची वेळ आली तर तुमच्या हॉस्पिटलने तुम्हाला दुभाषी म्हणून मान्यता दिलेली असावी लागते. नसेल तर फोनवरचा दुभाषी लावा. बऱ्याच हॉस्पिटलांत या मान्यतेसाठी छोटी परीक्षा असते. आल्या आल्या ती देऊन टाका. काही ठिकाणी तासाला वेगळे पैसेही मिळतात, एचआरला विचारून घ्या.