बोट घेण्याआधी तीन फेऱ्या

छोटी मोटरबोट घ्यायची ठरली की यादी वाढतच जाते: छप्पर, गादीच्या सीटा, म्युझिक. त्यातलं निम्मं नंतर खाऱ्या हवेत नुसतं गंजतं.

आधी मालवणजवळ देवबागला कर्ली नदीच्या मुखाशी, नाहीतर जवळच्या खाडीत, दुसऱ्याची बोट चालवणाऱ्यासकट भाड्याने घ्या.

१. एक फेरी भर भरतीला.
२. दुसरी पूर्ण ओहोटीला, साधारण सहा तासांनी. ही चुकवू नका. बोट वाळूला टेकली की आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन झटकन वर उचलता येणं किती मोलाचं ते कळतं. बोटीचा तळ किती खोल हेही तिथेच समजतं.
३. तिसरी दुपारी, वारा सुटल्यावर.

उतरल्या उतरल्या, कपडे ओले असतानाच, वहीत दोनच गोष्टी लिहा: हात काय शोधत राहिला आणि काय वापरलंच नाही. माझ्या वहीत तिन्ही वेळा एकच नोंद, चढताना धरायला कठडा. म्युझिक एकदाही नाही! तीनदा आलेल्या गोष्टींनाच पैसे मोजा.

ओहोटीचं पाणी बाहेर धावत असताना समोरून वारा असेल तर खाडीच्या तोंडावर जाऊ नका, लाटा उभ्या राहतात. लाइफ जॅकेट अंगात हवंच, सीटखाली नाही.