मागाच्या खडखडाटात जहाजं कशी वाढवायची

सोलापुरात समुद्र नाही. पाणी म्हणून आमच्याकडं सिद्धेश्वर तलाव. तरी पूर्व भागातल्या कारखान्यात माग चालू करून दिला की माझा मोबाईलवरचा ताफा बंदराबाहेर पडतो.

हा आयडल गेम, म्हणजे आपण नसतानाही नाणी साठत राहतात. सुरुवातीला बोटं दुखेपर्यंत टॅप करावं लागतं. पहिले दोन-तीन मचवे आले की टॅप करणं सोडा.

खरी मेख किमतीत आहे. अशा बऱ्याच गेममध्ये प्रत्येक नगामागं किंमत ठरावीक टक्क्यांनी चढते. २०१३ च्या कुकी क्लिकरमध्ये ती १५ टक्के होती. १५ टक्क्यांनी पाच नगांत किंमत दुप्पट होते! म्हणून मोठं जहाज दिसलं की हुरळू नका, भागाकार करा. मचवा २०० नाण्यांचा, सेकंदाला १ देतो: पैसे २०० सेकंदांत वसूल. गलबत ६०० चं, देतं ४: दीडशे सेकंदांत. गलबत घ्या. माग घेतानाही आम्ही हेच बघतो, फक्त तिथं सेकंदांऐवजी वर्षं असतात.

गेम बंद असताना किती तासांची कमाई साठते ते सेटिंगमध्ये बघा. माझ्यात आठ तास, म्हणून पाळी सुरू होताना आणि सुटताना उघडतो. मध्ये उघडून उपयोग नाही, धागा तुटतो तो वेगळाच.

सगळा ताफा मोडून पुढच्या कमाईला कायमचा गुणक घ्यायचं बटण येतं. गुणक दुप्पट होत असेल तरच दाबा. मी पहिल्यांदा घाईत दाबलं, रात्रभर हळहळलो.